वीस रुपयांत दोन लाख : पुढची ओळ कुणी वाचली?

मी पेणकरपाड्यातून बोलतेय. दहिसर चेकनाक्याला मुंबईची हद्द संपते आणि मिरा-भाईंदर सुरू होतं, तिथून जवळच आमचा पाडा. नावात पाडा असला तरी आता चहूबाजूंनी इमारती आहेत. मी इथल्या बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. तुमच्याकडे ग्रामसंघ असतो, आमच्याकडे वस्तीस्तर संघ. पण सतरंजीवरची बैठक, मधोमध ठेवलेलं रजिस्टर, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर आणि "अगं, आज चहा कुणाकडे?" हे सगळं तुमच्यासारखंच.

आज मी तुम्हाला कुठली योजना समजवायला आलेले नाही. माझी एक चूक सांगायला आले आहे. ती सांगताना अजून जड जातं. पण तीच चूक तुमच्या गटात होऊ नये, म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला एका विमा योजनेचं पत्रक मिळालं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, वर्षाला २० रुपये आणि दोन लाखांचं संरक्षण. मला वाटलं, हे तर आपल्या बायकांनी घेतलंच पाहिजे. मी पत्रकाचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. बैठकीत उभं राहून सांगितलं, "वीस रुपयांत दोन लाख. सगळ्यांनी फॉर्म भरा, नवऱ्याचाही भरा." आठवड्याभरात तीस-पस्तीस फॉर्म भरून झाले. मला फार बरं वाटलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं, असं वाटलं.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. पोळीभाजीचे डबे करतात. त्यांनीही स्वतःचा आणि नवऱ्याचा फॉर्म भरला होता. पुढच्या हिवाळ्यात एका रात्री त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, दोन दिवस ठेवलं. माणूस परत आला नाही. वय चव्वेचाळीस.

तेराव्यानंतर वहिनी माझ्याकडे आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक होतं. त्यांनी ते पान आधीच दुमडून ठेवलं होतं. बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे बघा, वीस रुपये कापलेत. तुम्ही सांगितलं होतं ना, दोन लाख मिळतात."

मी म्हटलं, "मिळतात वहिनी. आपण उद्याच जाऊ."

बँकेतल्या साहेबांनी कागद पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "अपघात झाला होता का?" वहिनी म्हणाल्या, "नाही, हार्टॲटॅक." साहेबांनी माझ्याचसारखं एक पत्रक काढलं आणि मोठ्या अक्षरांच्या खालची ओळ दाखवली. ही योजना अपघाती मृत्यूसाठी आहे, आजारपणातल्या मृत्यूसाठी नाही. आजारानं किंवा कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर पैसे देणारी दुसरी योजना आहे. तिचा हप्ता वेगळा आहे. तो फॉर्म आम्ही कुणीच भरला नव्हता. कारण मी सांगितलाच नव्हता. कारण मी पत्रक पूर्ण वाचलंच नव्हतं.

परत येताना रिक्षात वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दवाखान्याचं बिल आणि दिवसकार्य, साठ हजार उसने घेतलेत मॅडम. दोन लाख येणार म्हणून सांगून घेतलेत. आता त्यांना काय सांगू?"

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बँकेची चूक नव्हती, योजनेचीही नव्हती. मी खोटंही बोलले नव्हते. हेच मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. "वीस रुपयांत दोन लाख" हे शब्द खरेच आहेत. फक्त ते अर्धे आहेत. मैत्रिणींनो, खोटी माहिती कधी ना कधी पकडली जाते. कुणीतरी म्हणतं, "हे कसं शक्य आहे?" पण अर्धी माहिती खरी असते, म्हणून तिला कुणी अडवत नाही. तिच्यावर विश्वास बसतो. तिच्या भरवशावर माणूस कर्ज काढतो.

आणखी एक गोष्ट. मी बी. ए. आहे. गटातल्या बायकांना वाटलं, मॅडमनी वाचलंय म्हणजे नीटच वाचलं असणार. तेच एखादीनं कुठूनतरी ऐकून सांगितलं असतं, तर दोघी-तिघींनी बँकेत जाऊन विचारलं असतं. माझ्या शिक्षणामुळे त्यांनी विचारलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, तसं झालं माझं. आणि रंग उतरला तो वहिनींच्या घरात.

तर आता ती माहिती पूर्ण सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींनी हे फॉर्म भरले असतील.

पहिली आहे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. ही फक्त अपघातासाठी. अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, काही प्रमाणात कायमचं अपंगत्व आलं तर एक लाख.

दुसरी आहे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये. वर्षाच्या मधेच सामील झालात तर पहिल्या वेळी थोडे कमी कापले जातात. १८ ते ५० वयात सामील होता येतं, आणि दरवर्षी हप्ता भरत राहिलं तर ५५ वर्षांपर्यंत संरक्षण चालू राहतं. यात मृत्यू कुठल्याही कारणानं झाला तरी घरच्यांना दोन लाख मिळतात. पण इथेही खालची ओळ आहेच : नव्यानं सामील झाल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय दुसऱ्या कारणानं मृत्यू झाला, तर पैसे मिळत नाहीत.

दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसतील, तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. पुष्कळजणी खात्यातले पैसे नेमके मे महिन्यात शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी काढतात. खातं रिकामं होतं, आणि विमा चालू आहे असं आपण वर्षभर समजत राहतो.

आता उलटी बाजूही ऐका. अर्ध्या माहितीनं नसलेले पैसे मोजले जातात, तसे हक्काचे पैसे सुटतातही. गावाकडे साप चावून माणूस गेला की घरचे म्हणतात, हा काही गाडीचा अपघात नाही, याचे कसले पैसे मिळणार? पण सर्पदंश, झाडावरून पडणं हेसुद्धा २० रुपयांच्या योजनेत अपघातच धरतात. फक्त त्याची दवाखान्यात लगेच झालेली नोंद लागते. रस्त्यावरचा किंवा रेल्वेचा अपघात असेल, बुडून मृत्यू असेल, तर पोलिसांकडे नोंद लागते. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेलं, तर सापाच्या विषावरची लस मिळायला उशीर होतो आणि जीव जाऊ शकतो. शिवाय दवाखान्यात लगेच नोंदही होत नाही. म्हणून गाडी आधी दवाखान्याकडेच वळवायची.

वहिनींचं पुढे काय झालं, ते सांगते. आमच्या गटानं बैठक घेतली. अंतर्गत कर्जातून त्यांना रक्कम दिली आणि हप्ता लहान ठेवला. उसने पैसे फिटले. गटाचे हप्ते त्या अजून फेडत आहेत, एकही चुकवलेला नाही. पण जे दोन लाख त्यांच्या पोरांच्या नावावर राहिले असते, ते राहिले नाहीत. नवऱ्याचं वय बसत होतं. ४३६ रुपयांचा तो दुसरा फॉर्म तेव्हाच भरला असता तर मिळाले असते.

त्यानंतर मी दर बैठकीत आमच्याकडची अर्धी माहिती शोधायला लागले. पहिली सापडली ती बचतीच्या पैशांबद्दल.

एका बैठकीत मी विचारलं, "तुमची स्वतःची शिल्लक कुठे ठेवता?" कुणी म्हणाली राष्ट्रीयीकृत बँकेत, कुणी सहकारी बँकेत, कुणी पतसंस्थेत. मी विचारलं, "बुडाली तर?" चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, "पाच लाखांपर्यंत सरकार देतं ना!" पुन्हा तेच. खरं, पण अर्धं.

तुम्हाला पीएमसी बँकेचं आठवत असेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्या बँकेवर निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. मुंबईत आणि आसपास कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली तरी घास उतरला नाही. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचं ऑपरेशन. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढवली, आणि २०२२ साली ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण बँकेतल्या ठेवींचा विमा असतो आणि तो किती असतो, हे पुष्कळांना त्याच वेळी पहिल्यांदा कळलं. तेव्हा तो फक्त एक लाख होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला.

आता त्या पाच लाखांची खालची ओळ. हे पाच लाख एका माणसाला एका बँकेमागे आहेत. एकाच बँकेच्या तीन शाखांत स्वतःच्या नावानं तीन खाती काढली, तरी सगळी मिळून पाच लाखच, तेही मुद्दल आणि व्याज धरून. हा विमा बँकांना लागू आहे, त्यात सहकारी बँकाही आल्या. पण पतसंस्था ही बँक नाही. ती सहकारी संस्था आहे, तिला रिझर्व्ह बँकेचा बँक म्हणून परवाना नसतो, आणि हा ठेव विमा तिला लागू नाही. पतसंस्था वाईट असतात, असं मी अजिबात म्हणत नाही. गरजेला तिथूनच कर्ज मिळतं, माणसं ओळखीची असतात. पण "पाच लाखांपर्यंत सुरक्षित" असं समजून तिथे आयुष्यभराची पुंजी ठेवू नका. जे ठेवाल, ते तिथे हा विमा नाही, हे माहीत असून ठेवा. बँकेबद्दल तक्रार असेल आणि बँक दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर रजिस्टरवर लिहून ठेवा.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही काय सगळ्याच विषयात पारंगत व्हायचं का? विमा, बँक, आरोग्य, शेती, शिवाय घरचा स्वयंपाक? नाही हो. सगळं कुणालाच माहीत नसतं. डॉक्टरालाही नसतं आणि वकिलालाही नसतं. अर्धवट माहिती असणं हा गुन्हा नाही. आपली माहिती कुठे संपते, ते न कळणं हा धोका आहे.

आपण लहानपणापासून अभिमन्यूची गोष्ट ऐकतो. चक्रव्यूहात शिरायचं त्याला माहीत होतं, बाहेर पडायचं माहीत नव्हतं. आपण म्हणतो, बघा, अर्धवट ज्ञानानं गेला बिचारा. पण गोष्ट नीट ऐका. त्यानं धर्मराजाला आधीच सांगितलं होतं की मला आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. तो सोळा वर्षांचा मुलगा आपली हद्द ओळखून होता आणि ती बोलूनही दाखवली. मोठ्यांनी त्याला धीर दिला, तू पुढे हो, आम्ही मागून येतो. आणि मागून येणाऱ्यांना जयद्रथानं अडवलं. मला विचाराल तर अभिमन्यू माझ्यापेक्षा शहाणा होता. मी तर बाहेर पडायचा रस्ताच आहे की नाही, हेसुद्धा न बघता सगळ्या गटाला आत नेलं.

हद्द ओळखून काम केलं तर थोड्या शिक्षणातही केवढं होतं, याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सर्च ही संस्था सुरू केली. तिथे गावागावांत बाळं जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच दगावत होती. दवाखाना लांब, डॉक्टर नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या काही डॉक्टर नव्हत्या, शाळाही बेताचीच झालेली. पण बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, ताप कसा बघायचा, श्वास कसे मोजायचे, कुठली लक्षणं दिसली की कुठलं औषध आणि किती द्यायचं, हे त्यांना पक्कं शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना एका मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर ते धोक्याचं लक्षण. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात, ज्या सुईणींना तेवढं मोजता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजता येत नाही, हे लपवायची गरजच ठेवली नाही.

हे काम ३९ गावांत १९९५ पासून झालं. तीन वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू, हे काम नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली लॅन्सेट या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. आज तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन बाळाला बघते ना, ती पद्धत त्याच कामातून पुढे आली.

बघा, मी बी. ए. झालेली, आणि माझ्यामुळे एक घर फसलं. त्या बायकांची शाळा थोडी, आणि त्यांच्यामुळे बाळं वाचली. फरक शिक्षणाचा नव्हता. त्यांना जेवढं शिकवलं तेवढं पुरतं शिकवलं होतं, आणि कुठे थांबायचं तेही शिकवलं होतं. मला मोठ्या अक्षरांतली एकच ओळ माहीत होती, आणि थांबायचं कुठे ते कुणी शिकवलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही आमच्या गटात एक रीत घातली आहे. तुम्हाला पटली तर घ्या. बैठकीत कुणीही नवी माहिती आणली, योजना असो, औषध असो, कर्ज असो की व्हॉट्सॲपवरचा निरोप असो, तिला तीन प्रश्न विचारायचे.

एक, हे कुणाला मिळत नाही?
दोन, हे कधी मिळत नाही?
तीन, हे लिहिलंय कुठे, आणि ते कुणी पूर्ण वाचलंय?

कुणाला मिळतं, हे सगळेच सांगतात. कुणाला मिळत नाही, हे विचारावं लागतं. उत्तर आलं तर रजिस्टरमध्ये लिहायचं. नाही आलं तर तसंही लिहायचं, "माहीत नाही, अमुक ताई बँकेत विचारून पुढच्या बैठकीत सांगतील." आमच्या रजिस्टरचं मागचं पान आता या "माहीत नाही"नं भरलेलं असतं. आधी मला त्याची लाज वाटायची. आता ते पान रिकामं दिसलं की काळजी वाटते.

आणि माहिती सांगणारीसाठी एक वाक्य. "मला इथपर्यंत माहीत आहे, पुढचं विचारून सांगते." हे म्हटल्यानं कुणाचा मान कमी होत नाही. मी म्हणून बघितलं आहे. उलट त्यानंतर बायका जास्त मोकळेपणानं विचारायला लागल्या.

गेल्या महिन्यात आमच्याकडची एक नवी सून बैठकीत शिलाई मशीनच्या योजनेची बातमी घेऊन आली. फार उत्साहात होती, मी दोन वर्षांपूर्वी होते तशीच. तिचं बोलणं संपायच्या आत मागून आवाज आला, "आणि कुणाला मिळत नाही गं?" विचारणाऱ्या वहिनीच होत्या. मी मान खाली घालून रजिस्टरमध्ये लिहीत राहिले.

आता एक काम सांगते आणि थांबते. आज घरी गेल्यावर पासबुक काढा, आपलं आणि नवऱ्याचं. गेल्या मे-जूनच्या नोंदी बघा. २० रुपये कापले आहेत का? ४३६ कापले आहेत का? की दोन्ही? वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय? पासबुकात नोंद भरलेली नसेल, तर बँकेत जाऊन भरून घ्या. वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि तिला सांगा, मोठी अक्षरं राहू दे, खालची ओळ आधी वाच.